विश्लेषण : गायीच्या दुधात वनस्पतींचं ‘इस्ट्रोजेन’ कसं सापडतं? आणि सापडलं म्हणजे दूध वाईट का?

२०२५ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यातली व्यापार चर्चा ज्या मुद्द्यांवर अडली, त्यातला एक मुद्दा गायीच्या खाण्याचा होता. रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे अवयव, रक्त किंवा मांस यांपासून बनवलेलं खाद्य ज्या गायींना कधीच दिलेलं नाही, त्यांचंच दूध आणि दुग्धजन्य पदार्थ आयात होतील, तसं पशुवैद्यकीय प्रमाणपत्र हवं, ही भारताची जुनी अट आहे. माध्यमांनी त्याला ‘मांसाहारी दूध’ असं नाव दिलं आणि काही दिवस समाजमाध्यमांवर दुसरा विषय नव्हता.

या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला. गायीनं काय खाल्लं, हे प्रमाणपत्राच्या कागदाऐवजी थेट दुधाकडे पाहून सांगता येतं का?

काही बाबतींत येतं. गायीच्या चाऱ्यातले काही पदार्थ तिच्या पोटातून, रक्तातून आणि कासेतून प्रवास करत ग्लासापर्यंत पोहोचतात. त्यातला सर्वाधिक अभ्यास झालेला गट म्हणजे फायटोइस्ट्रोजेन. वनस्पतींमध्ये तयार होणारी, पण शरीरात स्त्री-संप्रेरकासारखी वागू शकणारी ही रसायनं. ‘दुधात हार्मोन सापडले’ अशी बातमी किंवा व्हॉट्सॲप फॉरवर्ड येतं, तेव्हा त्यामागे कधी कधी हेच असतं. म्हणून ते सापडतं कसं आणि सापडल्याचा अर्थ काय, हे नीट समजून घ्यायला हवं.

‘दुधातले हार्मोन’ म्हणजे नेमके कोणते?

या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात.

पहिली गोष्ट म्हणजे गायीचे स्वतःचे हार्मोन. गाय मादी आहे, बहुतेकदा दूध देत असतानाच पुन्हा गाभण असते, त्यामुळे तिच्या दुधात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन अत्यल्प प्रमाणात असतातच. दुसरी गोष्ट बाहेरून टोचलेल्या औषधांची. ऑक्सिटोसिनच्या गैरवापराचा मुद्दा पुढे करून केंद्र सरकारनं एप्रिल २०१८ मध्ये त्याच्या खासगी उत्पादनावर बंदी घातली आणि डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती रद्द केली, हे अनेकांना आठवत असेल. तिसरी गोष्ट बुरशीची. मका किंवा मुरघासावर फ्युजेरियम जातीची बुरशी आली की झिअरॅलेनोन नावाचं विष तयार होतं आणि तेही इस्ट्रोजेनसारखं वागतं.

चौथी गोष्ट चाऱ्याच्या वनस्पतींमधून येणारी. हे विश्लेषण फक्त तिच्याबद्दल आहे. टोचलेलं औषध, सडलेला चारा आणि ताजा हिरवा घास या तिन्हींना ‘दुधात हार्मोन’ म्हणून एकाच मापानं मोजायला गेलं की चर्चा तिथेच फसते.

फायटोइस्ट्रोजेन हे वनस्पतीचं हार्मोन नाही, हेही इथंच सांगितलेलं बरं. वनस्पतीला त्याचा उपयोग वेगळाच असतो. बुरशी आणि किडींपासून बचाव, मुळांवरच्या गाठींमधल्या जिवाणूंशी संवाद अशी कामं ही रसायनं करतात. फक्त त्यांच्या रेणूचा आकार मानवी आणि प्राण्यांच्या इस्ट्राडायोलशी इतका मिळताजुळता असतो की पेशींवरच्या इस्ट्रोजेनच्या कुलपात ही किल्ली शिरते. शिरते, पण पूर्ण फिरत नाही. मूळ हार्मोनच्या तुलनेत तिचा जोर कितीतरी पटींनी कमी असतो. आणि आपल्या शरीरात अशी कुलपं दोन प्रकारची आहेत, अल्फा आणि बीटा. यातली बरीचशी रसायनं बीटा प्रकाराला जास्त चिकटतात.

मेंढ्यांना पिल्लंच होईनात

हे सगळं लक्षात आलं ते दुधामुळे नाही, तर मेंढ्यांमुळे. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढपाळांवर विचित्र संकट आलं. कुरणं हिरवीगार, मेंढ्या धष्टपुष्ट, पण कळपच्या कळप गाभण राहीनात. ज्या राहिल्या त्यांची प्रसूती अडू लागली, काहींचं गर्भाशय बाहेर येऊ लागलं. कधीही न व्यालेल्या मेंढ्यांना आणि चक्क खच्ची केलेल्या नरांनाही दूध उतरू लागलं.

१९४६ मध्ये बेनेट्स, अंडरवूड आणि शायर या शास्त्रज्ञांनी यावर लिहिलेला शोधनिबंध आजही या विषयाचा आरंभबिंदू मानला जातो. त्यांनी बोट ठेवलं ते सबटेरेनियन क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकावर. भूमध्य समुद्राकडून आलेलं हे पीक बिया जमिनीत पुरतं, म्हणून हे नाव. गरीब जमिनीत छान वाढतं, म्हणून ऑस्ट्रेलियानं ते हौसेनं लावलं होतं. ‘क्लोव्हर डिसीज’ हे नाव तेव्हापासून रूढ झालं.

क्लोव्हर म्हणजे आपल्या मेथीचा चुलतभाऊ म्हणता येईल. जुडीतली मेथीची काडी उचलून पाहिली तर तीन-तीन पानांचा गुच्छ दिसतो, क्लोव्हरचाही तसाच. मेथी, लसूणघास, बरसीम आणि क्लोव्हर ही सगळी शेंगवर्गीय वनस्पतींच्या एकाच शाखेतली मंडळी. हे नातं पुढे उपयोगी पडणार आहे.

कोटीपोटात काय घडतं?

सुरुवातीला संशय जेनिस्टीन या रसायनावर होता. सोयाबीनमुळे हे नाव आज बऱ्याच जणांच्या कानावर असतं. खरा दोषी निघाला फॉर्मोनोनेटिन. गंमत अशी, की हे फॉर्मोनोनेटिन स्वतः जवळपास निरुपद्रवी आहे. इस्ट्रोजेनच्या कुलपात ते फारसं बसतच नाही.

त्याचं रूप बदलतं ते रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोटीपोटात. तिथले अब्जावधी सूक्ष्मजीव फॉर्मोनोनेटिनचं आधी डेडझीन बनवतात आणि मग त्या डेडझीनचं इक्वॉल. हे इक्वॉल मूळ रसायनापेक्षा बरंच ताकदवान असतं. याउलट क्लोव्हरमधलंच दुसरं रसायन, बायोकॅनिन-ए, त्याच कोटीपोटात आधी जेनिस्टीन होतं आणि मग त्याचे तुकडे पडून त्याचा इस्ट्रोजेनसारखा गुण संपूनच जातो. एकाच पानातले दोन पदार्थ, एकाच पोटात, दोन उलट टोकांना जातात. त्यामुळे ‘या चाऱ्यात इतकं फायटोइस्ट्रोजेन आहे’ एवढं सांगून भागत नाही. कोणतं आहे, हे सांगावं लागतं.

इक्वॉल हे नाव आलं घोडीवरून. १९३२ मध्ये गाभण घोडीच्या मूत्रातून ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. पुढे १९८२ मध्ये माणसाच्या मूत्रातही ते सापडलं. पण माणसांचं गणित वेगळं आहे. सोयाबीन खाल्ल्यावर इक्वॉल तयार करणारे जिवाणू सगळ्यांच्या आतड्यात नसतात. पाश्चात्त्य देशांत साधारण ३० टक्के लोकांच्या शरीरात इक्वॉल बनतं, जपान, कोरिया, चीनमध्ये हे प्रमाण ५० ते ६० टक्क्यांपर्यंत जातं. गायीच्या बाबतीत असा भेद नाही. योग्य चारा मिळाला की तिचं कोटीपोट इक्वॉल बनवतंच.

तयार झालेलं इक्वॉल रक्तात जातं, यकृत त्याला साखरेसारखा एक तुकडा जोडून पाण्यात विरघळण्याजोगं करतं, आणि बहुतांश भाग मूत्रावाटे बाहेर पडतो. अगदी थोडासा अंश कासेत उतरतो. प्रयोगशाळा शोधते तो हाच अंश.

ऑरगॅनिक दुधात जास्त कसं?

२००७ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी बाजारातलं साय काढलेलं दूध तपासलं. नेहमीच्या दुधात एका लिटरला सरासरी ६२ मायक्रोग्रॅम इक्वॉल होतं. सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या दुधात ४११ मायक्रोग्रॅम. साडेसहा पट.

ज्या ग्राहकानं ‘रसायनमुक्त’ म्हणून जास्त पैसे मोजले, त्याच्याच पिशवीत हार्मोनसारखा पदार्थ जास्त. वरवर पाहता हा विरोधाभास वाटतो, पण कारण सरळ आहे. सेंद्रिय शेतीत युरिया चालत नाही. मग जमिनीला नत्र कुठून मिळणार? शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींमधून. उत्तर युरोपच्या थंडीत त्यासाठी सगळ्यात सोयीचं पीक म्हणजे लाल क्लोव्हर, आणि लाल क्लोव्हरमध्ये फॉर्मोनोनेटिन भरपूर. हिवाळ्यात गोठ्यात बांधलेल्या गायींना याच क्लोव्हरचा मुरघास मिळतो. म्हणजे खताचा नियम बदलला, त्यामुळे पीक बदललं, पिकामुळे चारा बदलला आणि चाऱ्यामुळे दूध बदललं.

नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्कमध्येही नंतर असे अभ्यास झाले. नॉर्वेतल्या २००८ च्या प्रयोगात गायींच्या एका गटाला लाल क्लोव्हरचा आणि दुसऱ्याला पांढऱ्या क्लोव्हरचा मुरघास दिला, तेव्हा लाल क्लोव्हर खाणाऱ्या गायींच्या दुधात इक्वॉल कितीतरी जास्त निघालं. दोन्ही गट क्लोव्हरच खात होते. फरक होता फक्त जातीचा. थोडक्यात, ‘सेंद्रिय’ हा शब्द इथं कारण नाहीच. नेहमीच्या शेतकऱ्यानं लाल क्लोव्हर घातला तरी हेच होईल, आणि सेंद्रिय शेतकऱ्यानं नुसतं गवत घातलं तर होणार नाही.

फिनलंडच्या तपासणीतून आणखी एक गोष्ट कळते. दूध दुकानातलं होतं आणि साय काढलेलं होतं. त्यामुळे तापवल्यानं किंवा साय काढल्यानं हे नाहीसं होईल, या आशेत अर्थ नाही. इक्वॉल मुख्यतः दुधाच्या पाणीदार भागात असतं, सायीबरोबर ते निघून जात नाही.

दुधातून ते शोधतात कसं?

इथं खरी कसरत आहे. दूध हा प्रयोगशाळेसाठी अत्यंत गैरसोयीचा पदार्थ. त्यात चरबी आहे, प्रथिनं आहेत, साखर आहे, क्षार आहेत, आणि या सगळ्यांत शोधायचा आहे तो लिटरमागे काही मायक्रोग्रॅमचा पदार्थ. अंदाज यावा म्हणून हिशेब करून पाहू. चहाचा एक चमचा साखर साधारण चार ग्रॅम भरते. फिनलंडच्या सेंद्रिय दुधातून चार ग्रॅम इक्वॉल गोळा करायचं तर सुमारे १० हजार लिटर दूध लागेल. म्हणजे डेअरीचा एक अख्खा टँकर आणि त्यात विरघळलेला एक चमचा.

पहिली पायरी साफसफाईची. नमुना वेगानं फिरवून चरबी वेगळी करतात. मग ॲसिटोनायट्राइलसारखं द्रावण घालून प्रथिनं खाली बसवतात. घरात लिंबू पिळून दूध फाडतात, साधारण तसंच, फक्त काटेकोर मोजमापानं.

दुसरी पायरी अधिक रंजक आहे. यकृतानं इक्वॉलला जोडलेला तो साखरेसारखा तुकडा आठवा. दुधात इक्वॉल बहुतांशी याच जोडलेल्या रूपात असतं. ते मोजायचं तर जोड तोडावा लागतो, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं वापरलं जातं एका गोगलगायीच्या पचनरसातलं एन्झाइम. हेलिक्स पोमॅशिया हे तिचं शास्त्रीय नाव, युरोपात खाल्ली जाते तीच ही गोगलगाय. अडचण अशी की गोगलगाय स्वतः पाला खाते. त्यामुळे तिच्या पचनरसातच फायटोइस्ट्रोजेन असू शकतं! या विषयावर काम करणाऱ्यांना हे एन्झाइम वापरण्याआधी ते शुद्ध करण्याची पद्धत शोधावी लागली. ज्या अहवालात कोऱ्या नमुन्याचा, म्हणजे दूध न घालता बाकी सगळं करून घेतलेल्या चाचणीचा आकडा नसेल, त्याकडे म्हणूनच जरा संशयानं पाहावं. सापडलेलं रसायन गायीचं की गोगलगायीचं, हे त्या आकड्याशिवाय कळत नाही.

यानंतर द्रव एका बारीक नळीतून, म्हणजे कॉलममधून, दाबानं ढकलतात. वेगवेगळे रेणू आतल्या भरणाला कमी-जास्त चिकटतात आणि वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. याला लिक्विड क्रोमॅटोग्राफी म्हणतात. बाहेर पडणारा प्रत्येक रेणू मग मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातो. हे रेणूचं वजन करणारं यंत्र.

इक्वॉलच्या रेणूचं वजन २४२. यंत्रात त्याचा एक प्रोटॉन काढून घेतला जातो आणि उरतो २४१ वजनाचा, ऋण भार असलेला आयन. पण २४१ वजनाचे दुसरेही पदार्थ असू शकतात. म्हणून यंत्र फक्त २४१ वाल्यांना आत घेतं, त्यांना वायूच्या रेणूंवर आपटून फोडतं आणि तुकड्यांचं पुन्हा वजन करतं. इक्वॉल फुटलं की १२१ आणि ११९ वजनाचे तुकडे ठळकपणे मिळतात. कॉलममधून बाहेर पडण्याची वेळ जुळली, मूळ वजन जुळलं, दोन्ही तुकडे जुळले आणि त्या तुकड्यांचं एकमेकांशी प्रमाणही जुळलं, तरच ‘हे इक्वॉल आहे’ असं लिहिता येतं. आधार कार्डावरचा फोटो, बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बाहुली तिन्ही जुळावं लागण्यासारखं हे आहे.

ओळख पटली, आता प्रमाण. दुधात उरलेसुरले क्षार आणि इतर पदार्थ यंत्राच्या तोंडाशी गर्दी करतात आणि इक्वॉलचा संकेत दाबून टाकतात. त्यामुळे तेवढंच इक्वॉल पाण्यात आणि दुधात वेगवेगळं मोजलं जाऊ शकतं. यावरचा उपाय फार हुशारीचा आहे. सुरुवातीलाच दुधात मोजून-मापून ‘जड’ इक्वॉल घालतात, ज्यात काही हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम बसवलेला असतो. वागणूक अगदी सारखी, वजन थोडंसं जास्त. साफसफाईत जितकं खरं इक्वॉल वाया जातं तितकंच हे जड इक्वॉलही वाया जातं. शेवटी दोघांचं गुणोत्तर काढलं की मूळ प्रमाण कळतं.

यापेक्षा स्वस्त मार्गही आहे. प्रतिपिंडांवर आधारलेल्या एलायझासारख्या चाचण्या कमी वेळात खूप नमुने तपासतात. पण प्रतिपिंड कधी कधी इक्वॉल आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या रेणूंत गल्लत करतो. चाळणी लावायला अशी चाचणी ठीक, निवाड्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर हवाच.

आणि अहवालात ‘आढळलं नाही’ असं लिहिलं असेल तर? त्याचा अर्थ शून्य असा नसतो. त्या यंत्राच्या, त्या पद्धतीच्या मर्यादेपेक्षा कमी, एवढाच असतो. वीस वर्षांपूर्वी ज्या दुधात काही आढळलं नव्हतं, त्याच प्रकारच्या दुधात आज आढळेल. दूध बिघडलेलं नाही, यंत्र सुधारलंय.

४११ हा आकडा मोठा आहे का?

आकड्याला शेजारी लागतो. एकटा आकडा काहीच बोलत नाही.

फिनलंडचं ते सेंद्रिय दूध २०० मिलिलिटरचा ग्लासभर प्यायलं तर सुमारे ८२ मायक्रोग्रॅम इक्वॉल पोटात जातं. तेवढ्याच सोया दुधात याच कुळातली रसायनं साधारण २० मिलिग्रॅम, म्हणजे २० हजार मायक्रोग्रॅम असतात. दोनशे पटींहून जास्त. जपानमध्ये टोफू, मिसो, नाट्टो खाणारी माणसं रोज साधारण २५ ते ५० मिलिग्रॅम घेतात, तेही पिढ्यान् पिढ्या. अर्थात ही तुलना शंभर टक्के सरळ नाही. सोयातलं डेडझीन हे इक्वॉलपेक्षा सौम्य असतं आणि त्याचं इक्वॉल सगळ्यांच्या पोटात होत नाही, तर दुधातून ते तयारच मिळतं. तरीही दोनशे पटींचा फरक यानं भरून निघत नाही.

युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१५ मध्ये सोया आणि लाल क्लोव्हरपासून बनवलेल्या आयसोफ्लेव्होनच्या गोळ्यांचा आढावा घेतला. रजोनिवृत्तीच्या काळातल्या आणि त्यानंतरच्या महिला रोज ३५ ते १५० मिलिग्रॅम घेतात, त्यांच्यात स्तन, गर्भाशय किंवा थायरॉइड यांवर अपाय झाल्याचा पुरावा या अभ्यासांत मिळाला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष त्या वयाच्या महिलांपुरता आहे, तो सगळ्यांना सरसकट लावता येत नाही. बाळांसाठीच्या सोया फॉर्म्युल्याबद्दलची काळजी त्यामुळेच वेगळी आहे, कारण तिथं बाळाचं सगळं अन्न तेच असतं आणि वजन अवघं चार-पाच किलो.

आता दुसरा शेजारी. भारतात दुधातल्या अफ्लाटॉक्सिन एम-१ ची कमाल मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. बुरशी लागलेल्या चाऱ्यातून येणारं हे विष कर्करोगाशी जोडलं गेलं आहे. एफएसएसएआयनं २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने घेऊन केलेल्या सर्वेक्षणात ५.७ टक्के नमुन्यांत ते मर्यादेपेक्षा जास्त निघालं. वजनानं पाहिलं तर फिनलंडच्या दुधातलं इक्वॉल या मर्यादेच्या आठशे पट भरतं. तरी त्याला कुठलीही कमाल मर्यादा नाही, ना युरोपात ना भारतात. आणि अफ्लाटॉक्सिनच्या त्या अर्ध्या मायक्रोग्रॅमसाठी अख्खी यंत्रणा कामाला लागते. किती सापडलं यापेक्षा काय सापडलं हे महत्त्वाचं, ते असं.

उलट बाजूनंही अतिउत्साह दिसतो. इक्वॉलमुळे रजोनिवृत्तीतल्या तक्रारी कमी होतात का, हाडं टिकतात का, यावर संशोधन सुरू आहे आणि जपानमध्ये इक्वॉलच्या गोळ्या विकल्याही जातात. त्यावरून ‘क्लोव्हर खाणाऱ्या गायीचं दूध औषधी’ असा प्रचार करायला वेळ लागणार नाही. गोळीत मिलिग्रॅम असतात, ग्लासात मायक्रोग्रॅम. जी मात्रा घाबरायला पुरेशी नाही, ती औषध म्हणून तरी कशी पुरेल?

आपल्या गोठ्यात काय?

महाराष्ट्रात लाल क्लोव्हर नाही. इथल्या संकरित गायीच्या पुढ्यात मका, मक्याचा मुरघास, नेपियर, उसाचे वाढे, कडबा येतो. ही सगळी गवतवर्गीय पिकं, त्यांत या कुळातली रसायनं नगण्य. पण त्याच गव्हाणीत आणखी दोन गोष्टी पडतात.

एक, लसूणघास. यात फॉर्मोनोनेटिनपेक्षा लक्ष द्यायचं ते कुमेस्ट्रॉलकडे. हेही इस्ट्रोजेनसारखं वागतं आणि जोरानं इक्वॉलपेक्षा वरचढ असतं. निरोगी घासात ते कमी असतं. पानांवर ठिपक्यांचा रोग पडला किंवा मावा आला की वनस्पती बचावासाठी ते जास्त बनवू लागते. १९६० च्या सुमारास इस्रायलमध्ये लसूणघास खाणाऱ्या गायींत प्रजननाच्या तक्रारी नोंदवल्या गेल्या होत्या. दोन, सोयाबीन पेंड. सोयाबीनमधून तेल काढून घेतलं तरी आयसोफ्लेव्होन पेंडीतच राहतात, कारण ते तेलाबरोबर निघत नाहीत. त्यातलं डेडझीन कोटीपोटात पोहोचलं की पुढचा रस्ता तोच, इक्वॉलचा. सोयाबीन पिकवण्यात महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे आणि त्याची पेंड पशुखाद्यात सर्रास जाते.

त्यामुळे दुधातलं इक्वॉल मोजण्याचा इथं सर्वांत मोठा उपयोग कदाचित ग्राहकाला नाही, गोठ्याला आहे. गाय वेळेवर माजावर येते, रेतन केलं जातं, आणि २१ दिवसांनी पुन्हा माज दाखवते. ‘गाय उलटली’ हे वाक्य दूध उत्पादकाला प्रत्येक वेळी काही हजारांना पडतं. रेतनाचा खर्च वेगळा, भाकड काळ लांबल्याचा तोटा वेगळा. उलटण्यामागची नेहमीची कारणं ठरलेली आहेत. खनिजांची कमतरता, गर्भाशयाचा दाह, रेतनाची चुकलेली वेळ, उन्हाचा ताण. चाऱ्यातलं फायटोइस्ट्रोजेन हे यादीत खाली येतं, आणि गायी मेंढ्यांइतक्या संवेदनशील नसतात हेही खरं. पण बाकी सगळं तपासूनही एकाच गोठ्यातल्या अनेक गायी एकाच हंगामात उलटत असतील, आणि त्या हंगामात रोग पडलेला घास पोटभर घातला गेला असेल, तर पशुवैद्यकाला चाऱ्याकडे पाहण्याचं कारण आहे. दुधाचा नमुना अशा वेळी रक्ताच्या नमुन्यापेक्षा सोपा. सुई नको, गाय बिचकत नाही, आणि नमुना रोज दोनदा आपोआप मिळतो.

मग यावरून सेंद्रिय दुधाची भेसळ पकडता येईल?

हा प्रश्न युरोपात विचारला गेला आहे, कारण महागड्या दुधात नेहमीचं दूध मिसळण्याचा मोह तिथंही आहेच. इक्वॉल एकटं त्यासाठी पुरत नाही. ते क्लोव्हरची साक्ष देतं, शेतीच्या पद्धतीची नाही. म्हणून तिथले अभ्यासक दुधातल्या कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण आणि स्निग्धाम्लांचा आराखडा असे पुरावे वापरतात. मका खाणारी गाय आणि कुरणात चरणारी गाय त्यातून बऱ्यापैकी वेगळ्या ओळखता येतात.

भारतात दुधाच्या पिशवीवरच्या शब्दांची लढाई आता कुठे सुरू झाली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये एफएसएसएआयनं ‘ए-१’ आणि ‘ए-२’ हे दावे वेष्टनावरून काढायला सांगितलं आणि पाचच दिवसांत तो आदेश मागे घेतला. ए-२ हा बीटा-केसिन या प्रथिनाचा प्रकार आहे, त्याचा चाऱ्याशी किंवा हार्मोनशी संबंध नाही. ते प्रथिन गायीच्या जनुकांवर ठरतं आणि आयुष्यभर तसंच राहतं. इक्वॉल मात्र गव्हाणीवर ठरतं. क्लोव्हर किंवा सोया पेंड बंद केली की काही दिवसांत दुधातलं त्याचं प्रमाण खाली येतं, पुन्हा सुरू केली की वर जातं. त्यामुळे एका पिशवीतल्या एका नमुन्यावरून त्या ब्रँडच्या दुधाबद्दल काहीही ठरवता येत नाही. जून महिन्यातला नमुना आणि जानेवारीतला नमुना दोन वेगळ्या गोठ्यांचे असल्यासारखे दिसू शकतात, गायी त्याच असल्या तरी.